वकिलातीचं पत्र

वकिलातीचं पत्र आलंय म्हटल्यावर
आई म्हणाली, कुणी केस टाकली रे आपल्यावर?
आमच्याकडे वकील म्हणजे आटपाडीच्या कोर्टातला,
बांधाच्या भांडणात दोन्हीकडचा चहा पिणारा.
म्हटलं, ही दिल्लीतली. एका थंड देशाची.
आपल्या वाचनालयाला पैसे देतायत,
लोकरीचं काम एकमेकांना दाखवायला.
आई म्हणाली, दाखवायला पैसे?

एक लाख ऐंशी हजार. दोन हप्त्यांत.
दुसरा, अहवाल पोचल्यावर.

अर्जात विचारलं होतं, उद्दिष्ट काय.
मी लिहिलं, दोन देशांतल्या लोकांमध्ये स्नेह.
स्नेह म्हणजे तेलही;
न धुतलेल्या लोकरीत हात घातला की
बोटांना दिवसभर चिकटून राहतं ते.
पण तेवढी जागा रकान्यात नव्हती.

तीऊ फेब्रुवारीत आली.
हौसाक्का सांगरणीच्या मागापाशी
खड्ड्यात पाय सोडून बसली,
चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास छातीभर घेतला,
नाक मुरडलं नाही.
हौसाक्कानं तेवढं बघून ठेवलं.

दुभाष्या म्हणून गलाईवाल्या दगडूचं पोरगं,
जन्म कोइमतूरचा, इंग्रजी फर्डं,
मराठी मात्र चाळणीतून पडल्यासारखं.
तीऊनं काहीतरी लांबलचक विचारलं.
पोरगं म्हणालं, आज्जी, ही तुमची पद्धत किती वर्षांची?
हौसाक्का म्हणाली,
"पद्धत कशाची बाई, प्वाट हाय ते.
भात्तरच्या दुष्काळात बाजरी न्हवती,
तवा एका घोंगड्याला दोन पायली आणली माज्या सासऱ्यानं,
आन् त्यातली एक वाटंत सांडली."
पोरगं तीऊला म्हणालं, ती हो म्हणते.

मग तीऊनं पिशवीतून सुया काढल्या.
तिची आजी विणायची, पण तिनं शिकवलं नाही.
आजी गेल्यावर ही संग्रहालयात जाऊन बसली,
काचेतला एक जुना हातमोजा मागून घेतला,
उलटा केला,
आणि आतून टाके मोजत मोजत शिकली.
हे मात्र पोरानं नीट सांगितलं.
हौसाक्का थांबली. धोटा मांडीवर ठेवला.
"म्हंजे मेलेल्या माणसाच्या हातात हात घालून."

अहवालात हे बसवायचं कुठं?
फोटो आहेत. फलक सगळ्यांत दिसतो,
चिन्ह उजव्या कोपऱ्यात, सांगितल्या मापाचं.
एका फोटोत फलकामागं हौसाक्काची फक्त पावलं आलीत.
लेखापरीक्षकाचा आक्षेप एकच :
चिंचोके, अकरा किलो, बिल नाही.
शाळेच्या पोरांनी चिंचेखालून वेचले, साहेब.
पोरांकडं जीएसटी नंबर नाही.

जाताना हौसाक्कानं जावळाचं घोंगडं दिलं,
कोकराच्या पहिल्या लोकरीचं, काळंभोर.
तीऊ गडबडली. नियमानं भेट घेता येत नव्हती.
विकत घेते म्हणाली. हौसाक्का रागावली.
शेवटी मी पावती फाडली,
घोंगडे नग एक, रुपये शून्य,
खाली अंगठा.
हा एवढा एकच कागद
कुणी परत पाठवला नाही.

कार्यक्रमाचं नाव देवाणघेवाण.
विमानाचं तिकीट एकाच बाजूचं बसलं.
हौसाक्काला तिकडं न्यायचं तर पुढच्या वर्षी नवा अर्ज,
शिवाय पासपोर्ट,
शिवाय जन्मतारीख.
ती म्हणाली, माजी मेंढरागत गिनती करतील का तितं?
मी म्हटलं, बहुतेक.

दिवाळीनंतर पार्सल आलं.
लोकरीचे हातमोजे, लाल-पांढरे, अंगठ्यावर आठ पाकळ्यांचं फूल.
आटपाडीत असले मोजे घालायचे
तर आधी थंडीला पत्र धाडावं लागेल.
चार दिवसांनी गेलो तर
हौसाक्का चुलीवरचं खळीचं पातेलं
तेच घालून उतरवत होती.
एका पाकळीला काजळी लागलेली.
"पोरीला कळवा," म्हणाली, "भाजत न्हाय."

दुसरा हप्ता अजून यायचाय.
शेवटचा रकाना तसाच आहे :
प्रकल्प संपल्यानंतर काय टिकलं.