पेव

आधी ओलावा. ओलाव्यावरून कोरडं वजन.
कोरड्या वजनावरून प्रत, प्रतीवरून भाव,
आणि सगळ्यात खाली शेतकऱ्याची पट्टी.
कोडचे पाच तुकडे,
वरच्याचं ओंजळीत घेऊन खालचा उभा.
पहिल्यापासून चालवलं तर चाळीस मिनिटं.
सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस मिनिटं कोण थांबतं?
म्हणून प्रत्येकाचं उत्तर मी डिस्कवर पुरून ठेवलं.
मागितलं की वर काढायचं. पुन्हा दळायचं नाही.

मंगळवारी सुकुमार आवटी म्हणाले,
ओलाव्याची हद्द बारा नको, दहा धर.
एकच आकडा. बदलला. चालव म्हटलं.
पट्टी पापणी लवायच्या आत आली,
तिथंच मला कळायला हवं होतं.

पहिला नवं बोलत होता, दुसराही.
तिसऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.
तो आपला गेल्या हंगामातली प्रत
शांतपणे वर देत राहिला,
आणि खालचे दोघं त्याच्या भरवशावर.
कुठंही काही लाल झालं नाही.
एकशे चौदा पट्ट्या तशाच गेल्या.

दस्तगीरमामा हरिपूरच्या पेवांत उतरायचे.
तोंडावरचं लिंपण फोडलं
की आधी दोरानं कंदील सोडायचे.
विझला, तर पेव दिवसभर उघडं आणि माणूस वर.
शिवाय तोंडाशी पत्र्याचा एक तुकडा:
कुणाची हळद, कुठल्या ढिगातली, कधी भरली.
"खाली समदी पिवळीच दिसती गं,
रंगाला इचारू नगं. ढीग कुठला, ते वाच."

रात्री मी तसाच पत्रा ठोकला प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी.
माझा मजकूर हा, माझ्या वरच्याचा ठसा हा;
दोन्हींतलं एक जरी हललं
तर माझं पुरलेलं मातीत गेलं समजा.
सकाळी सगळी पेवं उपसली.
रिकामी. पहिल्यापासून चालव.

पंखा घरघरतोय. ओलावा चाललाय.
खालून बिराप्पा हमालानं हाक दिली,
"मामा कसं हाईत?"
"बरे आहेत," मी म्हटलं.
पापणी लवायच्या आत.

हे उत्तर गेल्या दिवाळीचं आहे.

स्क्रीनवर अजून अडतीस मिनिटं.
हरिपूर सायकलनं वीस.
मी कुलपाची किल्ली शोधतेय.