तिरका बाण

मे महिन्यात मी लोकांच्या डोक्यावर असतो.
खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर,
गच्चीगच्चीवर कूलरच्या मोटारी खोलत,
वाळ्याच्या कुजलेल्या ताट्या उपसत.
पान्हा उन्हात राहिला तर हातात धरवत नाही.
खिशात फोन.
फोनमध्ये माझ्या पोरीचं रक्त.

रक्त नाही हो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
कातडीखालचं पाणी.
रक्ताच्या दहा-पंधरा मिनिटं मागं चालते ते.
मला लगेच समजलं.
टाकीतलं पाणी आधी संपते,
गरम हवा खोलीत मागून येते.

उत्पला, वय पंधरा. डाव्या दंडावर
दहाच्या नाण्याएवढं पांढरं बटण.
वर्गातला एक जण विचारतो, सिम कोणतं टाकलं बे?
ती सांगते, तुझ्या बापाचं.
चौदा दिवस चालते, डब्यावर लिहिल्याप्रमाणं.
नागपूरच्या घामात अकराव्या दिवशी काठ सुटतो,
मी पाइपाची टेप काढतो आणि ती ओरडते,
"बाबा, मी काय पाइप आहे का?"

एक बटण म्हणजे माझ्या सात मोटारी.
म्हणून एक महिना बटण, एक महिना बोट टोचणं.
बोटाच्या महिन्यात मला झोप लागते.
हे मी घरात कोणाला सांगितलं नाही.

बटणाच्या महिन्यात, रात्री पावणेतीनला,
फोन किंचाळला: चोपन्न, बाण सरळ खाली.
ग्लुकोजचं पाणी घेऊन धावलो, अर्धं फरशीवर,
तिची आई अंधारात दिवा चाचपत.
बोट टोचलं. एकशे अठरा.
हात अंगाखाली दाबून झोपली होती पोरगी,
बाकी काही नाही.
डोळे न उघडता म्हणाली,
"कुशीवर झोपायचं तेही विचारून का?"

शुक्रवारी चौथ्या मजल्याच्या गच्चीवर होतो.
आकड्याच्या जागी नुसती एक रेघ.
त्याआधीचा शेवटचा: एकशे बेचाळीस, तिरका बाण, खाली.
आणि बारीक अक्षरात, शेअरिंग बंद केलं आहे.
बिघाड नव्हता.
बिघाड असता तर मी खोलला असता.

फोन केला नाही असं नाही.
तीनदा केला.
मग तिचा मेसेज: ट्यूशन सुटली, फुटाळ्यावर आहे,
कणीस खाऊन राहिलो सगळ्या. इन्सुलिन घेतलं.
आकडा लिहिला नाही.

फुटाळा म्हणजे तिकडं, म्हणून त्या बाजूला पाहिलं.
काळ्या टाक्याच टाक्या, घराघरावर.
कोणत्या टाकीत किती, बाहेरून काय दिसते?

मालकीणबाई जिन्यातून ओरडल्या,
"झालं का हो वासनिक?"
झालंच, म्हटलं, आणि फ्लोट बसवायला घेतला.
प्लास्टिकचा साधा गोळा.
पाणी उतरलं की आपणच खाली जातो, नळ उघडतो,
भरलं की आपणच बंद करतो.
ऐंशी रुपयांचा.
असा एक तिच्या पोटात होता,
सहा वर्षांची असताना बंद पडला.
तेव्हापासून आम्ही तिघं मिळून तो गोळा आहोत,
कधी एक उशिरा खाली जातो,
कधी दोघं एकदम.

साडेसातला आली. चप्पल भिरकावली,
माठातून दोन ग्लास पाणी प्याली.
मी विचारलं, "जेवशील का?"
"सरळ विचारा ना, किती आहे म्हणून."
"जेवशील का तेच विचारलं. वांग्याची भाजी आहे."

ती जरा वेळ पाहत राहिली माझ्याकडं.
"दोन पोळ्या," म्हणाली,
आणि हात धुवायला गेली, ओठ हलत होते,
पोळ्यांची, कणसाची, कसलीतरी बेरीज.

खिडकीत कूलर चालू होता. पाणी मीच भरलं होतं सकाळी.
तरी उठलो,
झाकण काढून पाहिलं.