गळती

मुंढव्याच्या पुलाखाली पाणकणीस उगवतं
हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं.
आप्पांना होतं.
विळा घेऊन सकाळीच उतरले,
नाकाला रुमाल, मुळामुठेचं काळं पाणी गुडघ्यापर्यंत,
वर आले ते काखेत लांब पात्यांची मोळी घेऊन.
"सांध्यात भरायला," म्हणाले.
"डिंक नको, खिळा नको. भिजलं की हे फुगतं."

भवानी पेठेत त्यांनी आयुष्यभर
पलंग केले, देव्हारे केले,
एका हौशी वकिलाला नाटकासाठी सिंहासन.
पिंप कधीच नाही.
आमच्याकडे पिंप म्हणजे निळं, प्लास्टिकचं,
एक दिवसाआड येणाऱ्या पाण्याचं.

मी तळघरात केग धुतो.
स्टीलचे, नंबर घातलेले,
हॉस्टेलच्या पोरांसारखे रांगेत उताणे.
वर माल्ट शिजायला लागलं
की गल्लीभर मोड आलेल्या मटकीचा वास.
चोथा मांजरीच्या गोठ्यात जातो.
म्हशींना चढत नाही.
हे सगळे विचारतात, म्हणून आधीच सांगितलं.

शाल्मली टिपरे आमची ब्रूअर.
ती म्हणाली, एल जिवंत असते,
तिला गॅसनं ढकलू नये.
लाकडात मुरवावी, गुरुवारी तोटी ठोकावी,
रविवारच्या आत संपवावी.
पण लाकडाचं पिंप करणार कोण?

मी तोंड उघडलं.
मग महिनाभर आप्पांनी उघडलं नाही.

नरहरीकाका हातभट्टीनं गेला
तेव्हापासून आमच्या घरात ताकसुद्धा
खिडकी लावून पितात.

एका रात्री जेवता जेवता, ताटाकडे बघत:
"पोटाला गोलाई किती हवी?"

पहिलं सागाचं केलं.
एलला कपाटाची चव आली.
"आप्पा, ड्रॉवर उघडल्यासारखं वाटतंय,"
शाल्मली घाबरत म्हणाली.
ते हसले नाहीत.
दिंडोरीहून वाइनच्या मोडक्या पिंपांच्या फळ्या आणवल्या, ओकच्या.
अंगठ्यानं घासल्या, वाजवून पाहिल्या,
जीभसुद्धा लावली.
बाहेरच्या बाजूला.

गुरुवारी गर्दी झाली.
गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आयटीतली पोरं,
कॅम्पातले केरसीकाका,
ज्यांचा तहहयात परवाना प्लास्टिकच्या पिशवीत असतो,
इस्त्री केल्यासारखा.
पहिला घोट घेऊन म्हणाले, "गार नाही!
कोमट पेयाचे एवढे पैसे
पुण्यात चहालाच मिळतात."
आणि दुसरा ग्लास मागवला.

आप्पा घरचं पाणी बाटलीत घेऊन आलेले.
कोपऱ्यात बसले, मांडीवर लाकडी हातोडी.
लोक पीत होते, ते पिंपाच्या बुडाकडे बघत होते.
तिथं एक थेंब धरत होता,
लांबायचा, पडायचा.
पुन्हा धरायचा.

उठले. कुणाला न विचारता काउंटरच्या आत शिरले,
गुडघे टेकले, बोटानं सांधा दाबला,
आणि पिंपाला कान लावला.
किती वेळ, मोजलं नाही.
मलाही खूण केली.
आत तुरीच्या शेंगा उन्हात तडकतात
तसं काहीतरी, बारीक, थांबून थांबून.

"फुगतंय," एवढंच म्हणाले.
पुढचा थेंब लांबला,
पण पडला नाही.

त्यांचं बोट ओलं होतं.
बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले,
मग शर्टाच्या बाहीला पुसलं.
मग, कुणी बघत नाही असं वाटून,
बाही नाकाशी नेली.

स्कूटरवर मागे बसून, रेसकोर्सच्या वळणावर:
"नरहरीची ट्यूबमधून यायची.
ट्रकच्या.
रबराचा वास यायचा त्याच्या अंगाला, मेल्यावरसुद्धा."

मी वेग कमी केला, पुढचं ऐकू यावं म्हणून.
ते म्हणाले, ब्रेक घासतोय तुझा.
उद्या दाखव कुणाला तरी.