पाटकरी

काचेच्या कुपीत चिमूटभर पांढरी पूड.
सलाइन सोडलं, वीस सेकंद जोरजोरात हलवलं,
कुपीत दूध झालं.
म्हणजे कोट्यवधी बुडबुडे,
एकेकाला मेदाची इतकी तलम कातडी,
आणि अंगानं तांबड्या पेशीएवढेच,
की शिरेत कोण कोणाला वाट देतंय ते कळू नये.

"रंगतमा हवा सोडतस, ताई?
नळीमा हवा घुसनी ते पानी अडी जास."
न्याहळोदचे सुपडू नाना. फडावर तीस वर्षं पाटकरी.
पांझरेचं पाणी बंधाऱ्यावरून पाटात, पाटातून चारीत,
कुणाच्या वाफ्याला किती वेळ, घड्याळ न बघता ठाऊक.
त्यांना मी काय सांगणार?
म्हटलं, ही हवा बारीक आहे नाना, अडत नाही.
"पाहू मंग," म्हणाले
आणि मान पडद्याकडे वळवली.

कोपराच्या शिरेतून जेमतेम अडीच मिली.
उजवं हृदय. फुप्फुसातल्या
केसाहून अरुंद गल्ल्या, तिथूनही निसटले.
डावं हृदय.
चौदाव्या सेकंदाला यकृताची रोहिणी उजळली.
मशीनचा आवाज मी मुद्दाम हळू ठेवलेला.
मोठ्यानं हाक मारली तर फुटतात.
हळू मारली तर अंग आकसून, फुगवून ओ देतात,
आपल्याच वेगळ्या सुरात,
आणि तेवढाच सूर मशीन टिपतं.

तो डाग, लिंबाएवढा,
ज्याच्यापायी नाना दोन महिने धड जेवले नाहीत,
अजून काळाच.
मग काठाला एक ठिपका. पलीकडे दुसरा.
श्वास धरायचं पेशंटला सांगायचं असतं,
मी स्वतःचाच धरून बसले.

"काठथीन भराई ऱ्हायनं," नाना पुटपुटले.
"वाफाबी असाच भरस. मझार मंग."
तिसऱ्या मिनिटाला पुन्हा,
"आते पानी थांबनं, का वही गयं?"

चौदा वर्षं मी या खोलीत आहे.
एवढा नेमका प्रश्न मला
कुठल्या शिकाऊ डॉक्टरनं विचारलेला नाही.
वाहून गेलं असतं, तर मी नानांच्या मुलाला
बाहेर बाकावर बोलावलं असतं.
चौथं मिनिट. पाचवं.
डाग मधोमध भरला, आणि तसाच उजळ राहिला.

"थांबलंय, नाना."

रिपोर्टमध्ये हे असं लिहिता येत नाही.

पोटावरची जेल पुसताना त्यांनी विचारलं,
"ती हवा आते कथा गई?"
श्वासातून, म्हटलं. थोडी गेली, थोडी जातेय.
त्यांनी तळहातावर फुंकर मारली,
तळहात उजेडात धरून पाहिला.
मग सदऱ्याची बटणं लावत म्हणाले,
पावणेपाचची एसटी सापडेल का?