विरजण

डंडीत टेकडीवरच्या छोट्या वाचनालयात
मंगळवारी संध्याकाळी माझं टेबल असतं.
पाटी लावलीय : कोड अडलाय? बसा.
पूर्वी खुर्च्या कमी पडत.
आता बहुतेक वेळा मी आणि हीटर.

आज एली मॅकफेल आली, सतरा वर्षांची,
रेनकोट न काढताच बसली.
तिच्या वेळापत्रकात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
रात्री दीडची बस दोनदा सुटते.

यंत्राला विचारलंस?
विचारलं. त्यानं दुरुस्त करून दिलं. चालतंय.
मग?
का चालतंय, ते कळत नाही ना.

मी स्क्रीन ओढून घेतला.
चौथ्या ओळीत एक टीप :
हा तास दोनदा येतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.
आणि खाली, ई-आयची अदलाबदल झालेला तो शब्द,
बावीस वर्षांपूर्वी मीच चुकवलेला.
नाव गेलं होतं. चूक तेवढी राहिली होती.

मिरजेत घड्याळं मागे-पुढे होत नाहीत.
मला हा तास सांगितला ग्दान्स्कच्या लेशेकनं,
न पाहिलेल्या माणसानं, पहाटे तीनला,
थोडं खेकसूनच.
मी तो पुढे किती जणांना दिला, मोजलं नाही.
विरजण असंच जातं, वाटीतून वाटीत.
पहिलं दूध कुणाच्या घरचं, कोण लिहून ठेवतं?

आता सगळ्यांचं मिळून एक मोठं भांडं आहे.
दही छान लागतं. खोटं का बोलू, मीही खाते.
फक्त कधी झोप लागत नाही तेव्हा वाटतं,
पन्नास वर्षांनी एखादी नवीच अडचण येईल,
कुणालाच आधी न आलेली.
तेव्हा कुणाच्या फडताळात
तळाला चमचाभर उरलेलं असेल?

एलीला कागदावर तो तास काढून दाखवला.
तिला दोनदा कळला नाही. मला एकदा माझाच.
तोवर खाली टे नदीवर अंधार पडला,
पुलावरून गाडी गेली,
आणि शेजारी पाण्यात जुन्या पुलाचे खुंट,
कशालाच आधार न देणारे, ओळीनं उभे.
ते काढले का नाहीत? एलीनं विचारलं.
माहीत नाही, म्हटलं.

निघण्याआधी तिनं ते स्पेलिंग सुधारलं.
मला उगीच लागलं थोडं.
मग टीपेखाली स्वतःची एक ओळ टाकली :
का ते आज कळलं. शंका असेल तर
मंगळवारी, खिडकीजवळचं टेबल.