विकासाची शक्यता

साडेअकराचा अंदाज आला.
आफ्रिकेच्या काठावरून सुटलेली तिसरी लाट
आता पस्तीस अंश पश्चिमेला.
विकासाची शक्यता : दहा टक्के.

विकास म्हणजे तिकडं एवढंच,
ढगांनी एका जागेभोवती फेर धरणं.
फेर मिटला की वादळ, वादळ झालं की नाव.
मी मराठवाड्याची, या शब्दाला ओळखून आहे.
त्याचं मंडळ असतं, त्याचा अनुशेष असतो,
पण त्याला सरळ टक्के लावून मोकळे होणारे लोक
मला या नोकरीतच भेटले.

नोकरी अशी : बेगमपुऱ्यात दोन खोल्या, एक इन्व्हर्टर,
आणि पार दुसऱ्या समुद्राकाठची विमा कंपनी,
जिला रोज पहाटे सहापर्यंत माझ्या चार ओळी लागतात,
कुठल्या बेटावरच्या छपरांना किती घाबरायचं.
जूनमध्ये बहुतेक लिहिते : काही नाही.
काही नाही हे चार ओळींत लिहायला
दोन वर्षं लागली शिकायला.

लाट म्हणजे काय ते आईला एकदा सांगितलं होतं.
पाण्याची नव्हे गं, हवेची.
हबशांच्या डोंगरांकडं कुठंतरी वारा अडखळतो,
ते अडखळणं वाळवंटाची कड धरून
चालत राहतं मावळतीला, समुद्रापर्यंत.
हबशांच्या? म्हणजे नहर खोदणाऱ्याच्या?
व्हय, त्याच्याच.
तो उगवतीकडं आला, विकला जात जात,
आणि जमिनीखालून या गावाला पाणी देऊन गेला.
लाटा उलट्या जातात.
अन् पावसाळ्यात आपल्या गच्चीवर, चौदा किलोमीटर उंच,
जो वारा पळतो, तोही तिकडंच.
मंग आपला निरोप जात असंल की, आई म्हणाली.
मी नकाशा मिटला.

मुदस्सिरचा मेसेज : उदर कुछ होरा क्या?
अब्बी नै, मी लिहिलं.
एकवीस नावांची यादी त्यानं भिंतीवर लावलीय.
बारसं आधीच उरकलेलं, लेकरांचा पत्ता नाही.

दोन चाळीसला खालून द्वारकाबाई :
पाणी आलं गं माय, ऊठ!
आठव्या दिवसाचं पाणी.
हे कुणाच्याच अंदाजात नसतं.
लाट पडद्यावर तशीच सोडून पळाले,
मोटार, टाकी, हंडे, कुकरसुद्धा.
शेवटी निळा ड्रम.
पाईप कडेला तिरपा लागला असावा,
पाणी फिरायला लागलं,
आधी सुस्त, मग ठरवून,
मधोमध खळगा पडला.
मिटलेला फेर. डोळा.
अंगणातल्या चाळीस वॅटच्या उजेडात
शंभर टक्के.
बघतच राहिले. ड्रम भरून वाहिला, चपला भिजल्या,
द्वारकाबाई ओरडली, कामून सांडायलीस,
तुझ्या बापाची हाय का नहर?

वर आले तेव्हा लाटेत धूळ शिरली होती.
सहाराची, कोरडी, पिवळट.
वरचा वारा ढगांचे शेंडे एकीकडं ओढत होता,
पाया दुसरीकडं रखडत होता.
असं झालं की काही धरत नाही. पुस्तकात आहे ते.
साडेपाचला नकाशावरची खूणच काढून टाकलेली,
काढली असंही कुठं लिहिलेलं नाही.

तीन ओळी लिहिल्या.
चौथीत काय लिहावं सुचेना,
म्हणून तापमान टाकलं समुद्राचं.
गई? मुदस्सिरनं विचारलं.
गई. चौथी अजून जमिनीवरच आहे.

मग आठवलं, ड्रमवर झाकण राहिलं.
खाली गेले.
पाणी केव्हाच थांबलेलं, वर कबुतराचं एक पीस.
आणि तळाशी, अगदी मधोमध,
नळातून आलेला सगळा गाळ
गोल होऊन बसलेला.