दोन हात मोकळे

एसटी जिथून तोंड फिरवून धानोऱ्याला परत जाते
त्या आश्रमशाळेत मी रसायन शिकवतो.
परीक्षानळ्या सात, त्यातल्या दोन तडकलेल्या.
पत्रे तापले म्हणून अकरावीचा वर्ग
मोहाखाली घेतलाय.

आजचा प्रश्न : प्लास्टिक व्हायला
लहानशा रेणूत काय असावं लागतं?
पाण्याचं का होत नाही? स्पिरिटचं का नाही?
सनोती पोटावी म्हणते, "चिकट असंल, जी."
पोट्टे हसतात.
मी फळ्यावर सांगाडे काढत जातो,
कोपरे, रेघा, आणखी कोपरे,
आणि मागच्या रांगेत डोळे मिटू लागतात.

खडू ठेवून दिला.
"रात्री रेला नाचता ना? उठा मग."

जिचे दोन्ही हात मोकळे
ती इकडे एकीला धरते, तिकडे एकीला,
आणि ओळ वाढते.
जिच्या डोईवर हंडा, एक हात हंड्याला,
तिच्यापाशी ओळ थांबते.
चायनीजच्या गाडीवरचा व्हिनेगर त्या जातीचा,
धरायला हात एकच.
ताकातल्या आंबटाला मात्र दोन आहेत,
एक धरणारा, एक धरू देणारा,
त्याची ओळ त्याच्या त्याच्यातच लागते.

"अन् तिसरा हात असला तं?"
मग ओळ नाही रे, जाळं. चहूकडून गाठी.
कुकरची मूठ आठव,
जळेल, पण वितळायची नाही.

आता दोघी या, फुगडी घाला.
दोन्ही हात एकमेकींत, बाहेर एकही नाही.
गरगर फिरतात, कुणाच्या कामाच्या नाहीत.
पण बाहेरून एखादी दांडगी येऊन
एकीचा हात हिसकते,
तेव्हा दुसरीचाही एक हात रिकामा पडतो,
तो शेजारच्या फुगडीत जातो,
तीही मोडते, तिथून पुढची,
आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच
हजार फुगड्यांची एक ओळ.
हे इथिलीन.
तणसात आंबे घालता तेव्हा
एक आंबा दुसऱ्याला पिकण्याचा निरोप धाडतो,
तो निरोपही हाच.
"म्हंजे पन्नी आंब्यातून निंगते?"
नाही रे बाबा. पण नातं आहे.

रैवंती उसेंडी तेवढी बाजूला उभी.
चारोळीच्या झाडावरून पडलेली,
डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये,
त्यावर कुणीतरी पेनाने मोर काढलेला.
"मंग माह्यावाला कुठं जमते, जी?"

ओळ थांबते, असं मीच म्हणालो होतो मघाशी,
ते आता घशात अडकलं.
मग आठवलं, आणि ते खरंच होतं,
तिच्या समाधानासाठी रचलेलं नव्हतं :
कारखान्यात एक-हाते रेणू मोजून टाकतात, मुद्दाम.
नाहीतर ओळ इतकी लांबत जाते
की भांड्यात ढवळवत नाही, साच्यात उतरत नाही.
कुठवर जायचं, ते ठरवतात हे एक-हाते.

रैवंती हसली नाही.
ओळीकडे तिने जरा वेळ पाहिलं,
शेवटच्या पोरीचा हात धरला
आणि म्हणाली, "बस. आता इथून पुढं नाही."
दोघंतिघं मागून येऊन जोडू पाहत होते,
त्यांना तिने प्लास्टरनेच अडवलं.

जेवणाची घंटा झाली.
एका दमात सगळे हात सुटले,
ताटल्यांकडे पळाले.
मोहाच्या मुळाशी
चिप्सचं एक पाकीट मातीत अर्धं रुतलंय,
मागच्या वर्षीचं असेल, किंवा त्याच्या मागच्या.
आत अजून सगळे
एकमेकांचे हात धरून उभे आहेत.
घंटा त्यांना ऐकू जात नाही.